पंचवीस नंबरचं मशीन

शिलाई मशिनात सिंगतेल घालणाऱ्या माणसाला काय शिक्षा असावी, याबद्दल रमाकांत दिघ्यांचं मत ठाम होतं. ज्या हाताने घातलं त्याच हाताने, टाचणीच्या टोकाने, ते गोंद झालेलं तेल सांध्यासांध्यातून उकरायला लावावं, आणि काम संपेपर्यंत त्याच तेलात तळलेली भजी खायला घालावीत. गुजरातेत सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचा, डबा घरोघरी हाताशी असतो. मशीन जरा कुरकुरलं की ओत चमचाभर. दोन महिन्यांत ते असं आवळतं की चाकाला लोंबकळलं तरी हलत नाही. मग ते माळ्यावर जातं, माळ्यावरून भंगारात, आणि नशीब थोर असेल तर भंगारातून दिघ्यांच्या मागच्या ओसरीत.

दिघे सत्तरी ओलांडलेले. बडोद्यात, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात अडतीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, हे मांडवीमागच्या भंगारवाल्यांकडे जाऊ लागले. गंजलेली, मोडलेली, दाते गेलेली मशिनं पिशवीत घालून आणायची, रॉकेलात बुडवायची, स्क्रूनस्क्रू सुटा करायचा आणि चार-सहा आठवड्यांनी पुन्हा टाका घालती करायची. झालेलं मशीन ते शिवणकाम करणाऱ्या एखाद्या बाईला देऊन टाकत, पण आधी तोंडी परीक्षा घेत. "तेल कुठलं घालणार?" या पहिल्याच प्रश्नाला अर्ध्या जणी नापास होत.

बाकीच्या जगाबद्दलही त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. अलकापुरीतल्या एका कॅफेत पायमशिनांच्या सांगाड्यांवर काच टाकून टेबलं केली होती. नातीच्या वाढदिवसाला दिघ्यांना तिथे नेलं, तर त्यांनी टेबलाखालचं पायडल दाबून पाहिलं आणि कॉफी घेऊन आलेल्या पोराला विचारलं, "धड इथे आहे, मुंडकं कुठे पुरलंत?" नात त्यानंतर दोन दिवस बोलली नाही. मशिनं सोनेरी रंगवून मोबाइलवर व्हिडिओ टाकणारे, जुनं म्हणजे महाग असं समजणारे, जुनं म्हणजे कचरा असं समजणारे, सगळे त्यांच्या लेखी एकाच माळेचे मणी.

"तुम्ही मशिनं दुरुस्त करत नाही," त्यांच्या पत्नी अहल्याबाई म्हणत, "माणसांना नावं ठेवायला निमित्त शोधता."

"नावं ठेवण्यासारखी माणसं आहेत म्हणून ठेवतो. मी काय शोधायला जातो?"

आणि खरंच, माणसं आपण होऊन येत. जानेवारीत देवश्री इंगळे आल्या त्या तशाच.

देवश्रीबाई एका महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या, आणि मंडळ 'बडोद्याचा मराठी वारसा' नावाचं प्रदर्शन भरवणार होतं. त्यांच्यामागे ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या हातात एक हातमशीन, आणि त्याच्याही मागे देवश्रीबाईंचे यजमान प्रतापसिंह, साठीचे, रिकाम्या हाताने आणि काहीतरी विसरून आल्यासारख्या चेहऱ्याने.

"काका, हे आमच्या घरातलं," देवश्रीबाई म्हणाल्या. "आमच्या आजेसासऱ्यांना दरबारातून मिळालेलं. एकदम नव्यासारखं करून द्या."

दिघ्यांनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. बडोद्यातल्या मराठी माणसाच्या घरी दरबारातून आलेली एक तरी वस्तू असतेच. कुणाकडे अडकित्ता, कुणाकडे छत्री, कुणाकडे नुसताच छत्रीचा दांडा. एवढ्या वस्तू खरोखर दरबारातून आल्या असत्या तर राजवाड्यात भिंतींखेरीज काही उरलं नसतं. आणि ज्यांना मिळाल्या ते सगळे मानकरी. साधा कारकून म्हणून कुणाचाच पणजोबा नव्हता. मग दरबाराच्या वह्या लिहीत कोण होतं, हा प्रश्न दिघ्यांना नेहमी पडे.

"दरबारातून?" ते म्हणाले. "कागद-बिगद काही?"

"कागद कसला मागता, काका! सगळ्या घराला माहीत आहे."

"घराला माहीत असतं ते मशीनला माहीत असतंच असं नाही. ठेवून जा."

मशीन मात्र देखणं होतं. विलायती, काळं, भरीव ओतीव लोखंडाचं, आणि आश्चर्य म्हणजे सिंगतेल न चाखलेलं. ज्या कुणी ते वापरलं त्या हाताला अक्कल होती. सुईखालच्या पट्टीवर झीज होती ती सरळ आणि एकसारखी, वेडंवाकडं कापड ओढणाऱ्या हौशी बाईची नव्हे. दिघ्यांनी हे पाहिलं, दरबारी मानकऱ्याची बायको एवढं कशाला शिवेल असा प्रश्नही त्यांना पडला. पण तो त्यांनी पुढे रेटला नाही, कारण तेवढ्यात त्यांना तो आकडा सापडला.

मशीनच्या लोखंडी पाटाच्या उजव्या कडेला, गंजाच्या पापुद्र्याखाली, काहीतरी कोरलेलं होतं. दिघ्यांनी भिंग लावलं. गुजराती दोन, गुजराती पाच. पंचवीस!

दिघ्यांचं सगळं शिक्षण मराठी शाळेत. गुजराती ते पाण्यासारखं बोलत, पण वाचायला शिकले ते बसच्या पाट्या आणि वर्कशॉपातल्या डब्यांचे नंबर पाहून. त्यामुळे गुजराती म्हटलं की त्यांना आधी आकडे दिसत. पंचवीस दिसल्यावर त्यांच्या डोक्याने रुळावरच्या गाडीसारखी धाव घेतली. घरगुती मशीनवर नंबर कोण घालील? नंबर घालायचा तो खात्याने. म्हणजे ही एका वस्तूची गोष्ट नव्हे, निदान पंचवीस वस्तूंची आहे. म्हणजे दरबाराने मशिनं मागवली असणार, नोंदवून वाटली असणार. म्हणजे ती नाक वर करून चालणारी बाई चक्क खरं बोलत होती, आणि ते तिला ठाऊक नव्हतं, दिघ्यांना ठाऊक होतं. ही शेवटची गोष्ट त्यांना सगळ्यात आवडली.

दुसऱ्यांच्या छत्र्यांना हसणाऱ्या माणसाने अशा रीतीने स्वतःच्या हाताने एक छत्री उघडली.

काम त्यांनी जीव ओतून केलं. आकड्यांच्या आसपास दोन बारीक खड्डे होते, एक दोनच्या पायाशी, एक पाचच्या. गंजाने खाल्लेले दिसतात, असं म्हणून त्यांनी ते पॉलिश पेपरने सपाट केले, लांबीचा लगदा भरला, वर काळा रंग चढवला. कोरलेल्या रेघांत बारीक कुंचल्याने सोनेरी रंग भरला. पंचवीस असा झळकू लागला की ओसरीत दिवा लावायची गरज नाही.

देवश्रीबाईंनी ते पाहिलं आणि आधी मोबाइलवर तिन्ही बाजूंनी फोटो काढले. मग त्यांनी लेखी मागितलं. दिघ्यांनी कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: 'सदर मशीनवरील पंचवीस हा नोंदणीक्रमांक असून तो मी स्वतः तपासला आहे.' खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त फिटर, रेल्वे'.

देवश्रीबाईंच्या तोंडी आठवड्याभरात त्या कागदाला पालवी फुटली. दरबाराने पंचवीस कर्तबगार स्त्रियांना पंचवीस मशिनं दिली होती, पंचविसावं इंगळ्यांच्या घरी आलं, आणि बाकीची चोवीस काळाच्या उदरात गडप झाली. एका गुजराती वर्तमानपत्राने प्रदर्शनाच्या आधी फोटो छापला. त्यात मशीन, मशीनमागे देवश्रीबाई, आणि सोनेरी आकडा अगदी समोर. खालच्या मजकुरात 'कुशल कारीगर रमाकांतभाई दिघे' असंही होतं. दिघ्यांनी त्या अंकाच्या चार प्रती आणल्या.

"चार कशाला?" अहल्याबाईंनी विचारलं.

"रद्दीत एखादी गेली तर?"

शनिवारी सकाळी, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, दारात एक बाई उभी राहिली. साठीची, सुती साडी, पदर डोक्यावरून, गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच राहिलेली. डभोईहून पहिल्या बसने आली होती. हातात वर्तमानपत्राची घडी.

"रमाकांतभाई अहीं रहे छे?"

"मीच. या. मशीन हवंय? तेल कुठलं घालता?"

"मशीनचं तेल. दुसरं कुठलं घालायचं?" बाई गुजरातीत म्हणाली आणि दिघ्यांना ती तिथल्या तिथे पास वाटली. तिने आपलं नाव नलिनीबेन परमार असं सांगितलं. ती डभोईला शिवणकाम करत होती. मग तिने ओसरीतल्या स्टुलावर बसून फोटोची घडी उघडली, सोनेरी आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आ मारी बानो संचो छे."

गुजरातीत शिलाई मशीनला संचो म्हणतात, आईला बा. दिघे हसले. गेल्या आठवड्यापासून ज्याला त्याला आपली आजी त्या पंचवीस जणींत होती असं वाटू लागलं होतं.

"बेन, हे पंचवीस नंबरचं आहे. दरबारी नोंदणीचं."

"पचीस नथी, भाई," ती म्हणाली. "ર नि પ आहे ते. रळियात परमार. माझी बा."

दिघे फोटोकडे पाहत राहिले. गुजरातीत दोनचा आकडा आणि र हे अक्षर यांच्यात काडीचाही फरक नाही. पाच आणि प यांचंही तेच. हे बडोद्यातल्या पहिलीच्या पोरालाही ठाऊक असतं. दिघ्यांनाही ठाऊक होतं. मराठीतसुद्धा दोन आणि र सख्खे भाऊच शोभतात. पण त्यांनी पंचवीस म्हटलं, आणि त्यानंतर त्या जागी दुसरं काही दिसायला जागाच उरली नाही.

नलिनीबेनने जे सांगितलं ते थोडक्यात असं. रळियातबेन लग्नसराईत डभोईच्या छोट्या गाडीने बडोद्याला येत, मशीन डोक्यावर घेऊन. मोठ्या घरांत आठ-पंधरा दिवस मागच्या पडवीत बसून घरभराचे कपडे शिवत. एकेका घरात तीन-तीन दरजी बसायचे, सगळ्यांची मशिनं काळी, म्हणून नलिनीबेनच्या वडिलांनी खिळा आणि हातोडी घेऊन मशीनवर अक्षरं कोरली होती. त्या वर्षी रळियातबेन इंगळ्यांकडे बसल्या होत्या. काम अर्धं झालेलं, घरी दोन दिवस जाऊन येते म्हणून मशीन तिथेच ठेवलं, आणि डभोईला तापाने गेल्या. नलिनी तेव्हा नऊ वर्षांची. तिचे वडील मशीन मागायला आले होते, तिला बोटाला धरून. फाटकातच कुणीतरी म्हातारे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे परक्याचं मशीन कशाला असेल?

"बापूजी काही बोलले नाहीत," ती म्हणाली. "मोठ्या माणसांशी कसं बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं."

"असं कुणीही सांगेल, बेन," दिघे म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच जरा मोठा वाटला.

नलिनीबेनने पिशवीतून एक कात्री काढून त्यांच्यापुढे ठेवली. जुनी, जड, दरज्याची. पात्यावर तीच अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराच्या पायाशी एक खोल गोल टिंब. र. प.

"मशीनवर पण टिंबं होती," ती म्हणाली. "फोटोत दिसत नाहीत. तुम्ही हाताने काम केलंय, तुम्ही पाहिली असतील. होती ना?"

आता इथे दिघ्यांनी हो म्हणायला हवं होतं. एकच अक्षर. पण लिहून दिलेला कागद, चार प्रती, 'कुशल कारीगर', आणि उद्या व्यासपीठावर मिळणारी शाल, हे सगळं त्या एका अक्षरावर येऊन बसलं होतं.

"नाही," दिघे म्हणाले. "टिंबं नव्हती."

नलिनीबेनने वाद घातला नाही. तिने कात्री फडक्यात गुंडाळली.

"मला मशीन नको होतं, भाई. माझ्याकडे मोटरवालं आहे. पण लोक माझ्या बाच्या नावाला पचीस म्हणतायत. पेपरात छापलंय. ते बरं नाही वाटत." उठता उठता तिने विचारलं, "उद्या प्रदर्शनात आत सोडतात ना? तिकीट-बिकीट काही? एकदा पाहून जाईन."

"सोडतात," दिघे म्हणाले.

दुपारी ताटावर अहल्याबाईंनी आमटी वाढली आणि सरळ विचारलं, "टिंबं होती का?"

"गंजाचे खड्डे होते."

"गोल होते?"

दिघ्यांनी भात कालवला. खड्डे गोल होते. इतकंच नव्हे, त्यांना काठ होता. गंज लोखंड खात खाली जातो, तो काठ उभा करत नाही. खिळा ठोकला की लोखंड दबतं आणि भोवती किंचित वर येतं. पॉलिश पेपर फिरवताना तो काठ त्यांच्या अंगठ्याला लागला होता. अडतीस वर्षं लोखंडावर फिरलेला अंगठा होता तो. त्याला कळलं होतं आणि त्यांनी त्याला गप्प बसवलं होतं.

"सबंध बडोद्याला अक्कल शिकवता," अहल्याबाई म्हणाल्या. "कुणी तेल चुकीचं घातलं तर त्याची सात पिढ्यांपर्यंत उत्तरपूजा करता. ती बाई खोटं बोललेली नाही, हे मला स्वयंपाकघरातून कळलं. तुम्हाला समोर बसून कळलं नाही?"

"तुला मशीनमधलं काय कळतं गं?"

"मशीनमधलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं."

दिघे ताटावरून उठले. ओसरीत जाऊन बसले. भोवती चौदा मशिनं, आणि त्यातल्या एकाकडेही त्यांना बघवेना. कॅफेवाल्याने निदान मुंडकं काढून बाजूला ठेवलं होतं. त्यांनी स्वतः मात्र एका बाईचं नाव घासून, भरून, वर रंग देऊन टाकलं होतं, आणि शाल घ्यायला निघाले होते. त्यांना लाज वाटली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना लाज वाटावी म्हणून इतके कष्ट घेतले होते, स्वतःला वाटली तर ती कुठे ठेवायची याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

रविवारी अकरा वाजता शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात प्रदर्शन उघडलं. भिंतीकडेच्या टेबलांवर छत्र्या, अडकित्ते, पानदानं, एका सरदाराचा चष्मा आणि त्या चष्म्याचं घर वेगळं मांडलेलं. मधोमध लाल मखमलीवर मशीन. दिघे पहिल्या रांगेत. खिशात थिनरची बाटली आणि गोधडी शिवायची जाड सुई. अहल्याबाईंनी सकाळी ती काहीही न विचारता काढून दिली होती.

नलिनीबेन शेवटच्या रांगेत बसली होती, पिशवी मांडीवर धरून.

देवश्रीबाई माइकवर उभ्या राहिल्या. पंचवीस हा शब्द त्यांनी सहा मिनिटांत अकरा वेळा उच्चारला. दिघे मोजत होते. "आणि हा क्रमांक ज्यांच्या पारखी नजरेने शोधला," त्या म्हणाल्या, "त्या दिघेकाकांचा आता आपण—"

दिघे उठले. टाळ्या पडू लागल्या. ते व्यासपीठाकडे न जाता मशीनकडे गेले, बाटली उघडली, फडकं भिजवलं आणि पाटाच्या उजव्या कडेला घासू लागले. थिनरचा वास पहिल्या तीन रांगांपर्यंत गेला. टाळ्या थांबल्या.

"काका, पॉलिश राहिलं होतं का?" देवश्रीबाईंनी माइकवरूनच विचारलं.

दिघे घासतच राहिले. सोनेरी रंग फडक्यावर उतरला. मग त्यांनी सुई घेतली आणि दोनच्या पायाशी लांबी उकरली. कण सुटत गेले. एक गोल टिंब मोकळं झालं. मग पाचच्या पायाशी. मशिनावर ओरखडा उठला तर लोक काय म्हणतील हा विचार त्याही वेळी त्यांच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही. मेली सवय.

ते माइकपाशी गेले. देवश्रीबाई बाजूला झाल्या नाहीत, म्हणून ते माइकशिवायच बोलले.

"हे पंचवीस नाही. र. प. आहे. रळियातबेन परमार. दरजण होत्या, डभोईच्या. इंगळ्यांकडे लग्नाचे कपडे शिवायला यायच्या. मशीन त्यांचं. टिंबं मीच बुजवली. आणि काल मला विचारलं तेव्हा टिंबं नव्हतीच म्हणून मी सांगितलं. ते खोटं होतं."

"तुम्हीच लिहून दिलंय, काका!" देवश्रीबाईंचा चेहरा लाल झाला होता. "तुमच्या सहीने! माझ्याकडे कागद आहे!"

"आहे ना. फाडा."

"फाडा काय? पेपरात आलंय! म्हणजे आमचे आजेसासरे काय खोटं बोलत होते? दरबारातले मानकरी—"

"आजोबा कारकून होते, देवश्री," प्रतापसिंह म्हणाले.

सगळं सभागृह त्यांच्याकडे वळलं. ते जागेवरून उठलेही नव्हते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि चारचौघांत बायकोचं वाक्य मध्येच तोडायची ही त्यांची पहिलीच वेळ असावी.

"चांगले कारकून होते," ते म्हणाले. "आणि रळियातबेन मला आठवतात. आत्याच्या लग्नात माझी चड्डी त्यांनी शिवली होती. दोन खिसे लावले होते, मी मागितले म्हणून. मागच्या पडवीत बसायच्या. मशीन कुणाचं हे मी कधी विचारलंच नाही. नंतर ते आमच्याच माळ्यावर होतं, म्हणून आमचंच वाटलं." मग मागे वळून, सगळ्या रांगांवरून नजर फिरवत त्यांनी विचारलं, "त्यांचं कुणी आलंय का?"

नलिनीबेन उठली. रांगांमधून पुढे आली. आपापल्या छत्र्या आणि अडकित्त्यांपाशी उभी असलेली मंडळी तिला वाट देताना जरा जास्तच मागे सरकली, जणू आता त्यांच्याही वस्तूंवर ही बाई बोट ठेवणार.

ती मशीनपाशी थांबली. आधी चाक आपल्याकडे फिरवून पाहिलं. सुई खाली गेली, वर आली. मग तिने अक्षरांवरून बोट नेलं, टिंबापाशी थांबवलं, पुढे नेलं, पुन्हा थांबवलं. तिचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत.

"घेऊन जा," प्रतापसिंह म्हणाले. देवश्रीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि माइक बंद केला.

दिघे बाजूला उभे होते. खरं सांगायचं तर त्यांना वाटत होतं की आता ती आपले आभार मानेल. चारचौघांत, शालीवर पाणी सोडून, एवढं केलं होतं त्यांनी. 'अहो, त्यात काय, माझं कर्तव्यच होतं', हे वाक्यही त्यांच्या जिभेवर तयार होतं, गुजरातीत.

नलिनीबेन त्यांच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. लहान पोराने कापड उलटं कापलं की दरजी जसा बोलतो तशी ती बोलली.

"वांचतां नहोतुं आवडतुं तो पूछवुं हतुं ने, भाई."

वाचता येत नव्हतं तर विचारायचं होतं. गुजरातीत 'आवडवुं' म्हणजे येणं, जमणं. मराठीत आवडणं म्हणजे आवडणं. दिघ्यांना दोन्ही भाषांतून ते वाक्य बरोबर लागू पडलं. त्यांना वाचता आलं नव्हतं, आणि आपल्याला हवं त्याहून वेगळं काही वाचायला त्यांना आवडलंही नव्हतं.

दिघ्यांनी थिनरचं फडकं घडी करून खिशात घातलं.

"हो," ते म्हणाले. "विचारायला हवं होतं."

मग त्यांनी मशीनची एक बाजू धरली, तिने दुसरी धरली, आणि दोघं जिन्याकडे निघाले.